भराभर वाढणारी रोपं: हिवाळ्यातल्या एका टेबलाचं प्रकरण

ताईचा फोटो आला तेव्हा मी घाईत होतो. काळा ट्रे, त्यात टोमॅटोची लांबसडक रोपं, सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या. खाली लिहिलेलं: "उगवून पाचवा दिवस. बघ कशी भराभर वाढतायत!" मी फारसा विचार न करता लिहून टाकलं, "मस्त!"

त्या 'मस्त'ची मला अजून लाज वाटते. दुखणं त्या फोटोतच होतं आणि मी त्याचं कौतुक करून मोकळा झालो होतो. चार दिवसांनी दुसरा फोटो आला. जवळजवळ अर्धी रोपं आडवी झालेली. "रात्री झोपताना ठीक होती रे. सकाळी बघते तर ही अशी." मग फोन: "बुरशी आहे ना? पावडर आणून ठेवलीये. किती टाकू?"

मी म्हटलं, थांब, येतोच.

पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी एका वहीत नोंदी ठेवल्या. मातीचं तापमान, उजेड, पाणी, किती उगवली, किती गेली. घरात रोपं कोलमडली की 'बुरशी लागली' एवढ्यावर विषय संपतो, पुढच्या वर्षी माणूस पुन्हा तसंच बी टाकतो आणि पुन्हा पावडर आणतो. म्हणून त्या वहीवरून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

टेबलावर काय होतं

पूर्वेच्या खिडकीपासून दोन फूट आत एक टेबल. त्यावर हीट मॅट, म्हणजे ट्रेला खालून ऊब देणारी विजेची चटई, आणि मॅटवर दोन भांडी: 50 कप्प्यांचा टोमॅटोचा ट्रे आणि पसरट खोक्यात हाताने फेकून पेरलेली कोबी. खिडकीच्या कट्ट्यावर, अगदी काचेला टेकून, मिरचीचा 50 कप्प्यांचा ट्रे. मिरची तिकडे का, असं विचारलं तर ताई म्हणाली, "मॅटवर जागा उरली नाही." बाकी खिडकी थंडगार म्हणून टोमॅटो-कोबी आत ऊबेला ठेवली होती. उगवल्यानंतरही चार दिवस ट्रेवर पारदर्शक झाकण होतं. सकाळ-संध्याकाळ स्प्रेच्या बाटलीने पाणी. मॅट पेरणीच्या दिवसापासून एकदाही बंद नव्हती.

म्हणजे हयगय कुठेच नव्हती, झाले होते ते लाडच.

मी खाली बसून ट्रेकडे आडवं पाहिलं. पडलेल्या रोपांची पानं अजून हिरवी होती, कोमेजलेलीसुद्धा नव्हती. पण मातीलगत, जिथे दांडी वर येते तिथे, अर्ध्या सेंटिमीटरचा भाग पाणी पिऊन काचेसारखा झालेला, मग तपकिरी, आणि मग शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक. वरचं सगळं शाबूत आणि पायच मोडलेला. एक रोप चिमटीत धरून उचललं तर मुळं मातीतच राहिली. कोबीच्या खोक्यात चित्र आणखी स्पष्ट होतं. मधोमध हाताच्या पंजाएवढा गोल भाग भुईसपाट, कडेने उभी रोपं, आणि त्या गोलाच्या काठावरची नुकतीच कलायला लागलेली. मातीवर शेवाळाचा हिरवा पापुद्रा धरला होता. ट्रे हलवला की दोन-चार काळी चिलटं उडायची.

मोजदाद केली. टोमॅटोची 46 उगवली होती, त्यातली 21 आडवी. उभ्या 25 पैकी 8 जणांची दांडी मातीलगत काळवंडायला लागली होती. राहिली 17. मिरची 50 पैकी फक्त 11 उगवली होती, पेरून पंधरा दिवस झाले तरी.

बुरशी होतीच, पण

ताईचं निदान चुकीचं नव्हतं. रोप कोलमडण्यामागे बहुतेक वेळा पिथियम, रायझोक्टोनिया किंवा फ्युजेरियम यांच्यापैकी कोणीतरी असतं. यातलं पिथियम खरं तर बुरशीच नाही. दिसायला-वागायला बुरशीसारखं, पण नात्याने तपकिरी शेवाळांच्या जवळचं. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणूनच खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधं पिथियमवर अजिबात चालत नाहीत. ताईच्या डब्यातली पावडर त्यातलीच होती. ती टाकली असती तरी फार काही हाती लागलं नसतं.

पण माझा मुद्दा औषधाचा नव्हता. हे जीव धुळीत, जुन्या ट्रेला चिकटलेल्या मातीत, उघड्या भांड्यातल्या पाण्यात कुठेही असू शकतात. त्यांना घरातून कायमचं हाकलणं शक्य नाही. रोप त्यांच्या तावडीत सापडतं ते कोवळं असताना, मोजक्या दिवसांपुरतं. एकदा दांडीतल्या पेशींच्या भिंती जाड झाल्या, खोड थोडं काष्ठमय झालं, की हेच पिथियम तिथे फारसं काही करू शकत नाही. तेव्हा 'बुरशी आली कुठून' यापेक्षा 'उगवून नऊ दिवस झाले तरी ही रोपं एवढी कोवळी कशी राहिली' हे शोधायला हवं होतं.

ताई म्हणाली, "कोवळी कुठे? चांगली वीतभर झालीयेत."

गोम तिथेच होती.

उजेड मोजला तेव्हा

फोनवर उजेड मोजायचं ॲप असतं. ते काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. ढगाळ दुपार होती. बाहेर उघड्यावर आकडा आला 20,000 लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). खिडकीच्या कट्ट्यावर, काचेलगत 3,500. टेबलावर, ट्रेच्या जागी, 700.

ताईला हे पटेना. "एवढा लख्ख उजेड आहे खोलीत, वाचता येतंय की!" वाचता येणारच. आपल्या डोळ्यांची बाहुली गरजेप्रमाणे लहानमोठी होते, मेंदूही जुळवून घेतो, त्यामुळे तीसपट कमी उजेडही आपल्याला 'थोडासा कमी' वाटतो. रोपाला ही सोय नाही. त्याला दिवसभरात किती प्रकाशकण मिळाले त्याचा रोखठोक हिशेब असतो. तो चौरस मीटरमागे मोलमध्ये मांडतात (मोल हे प्रकाशकणांची संख्या मोजायचं माप). टोमॅटोची धष्टपुष्ट रोपं तयार करायची तर दिवसाला साधारण 10 मोल किंवा त्याहून जास्त मिळावेत. हिवाळ्यातला छोटा दिवस धरून ताईच्या कट्ट्यावर जेमतेम 1 भरत होता आणि टेबलावर त्याचाही पाचवा हिस्सा.

आता यात ऊब मिसळा. मॅटवर मातीत थर्मामीटर खुपसला तर 28 अंश. रात्रीही तेवढंच. ऊबेने श्वसन वाढतं, म्हणजे रोपाचा रोजचा खर्च वाढतो, आणि कमाई तर उजेडातूनच होणार. 700 लक्सला पान दिवसभरात जे कमावतं ते तेवढ्याच वेळातल्या श्वसनात जवळजवळ संपून जातं. रात्रीचा खर्च वेगळाच. ही रोपं बियातल्या शिदोरीवर जगत होती आणि ती शिदोरी उंची वाढवण्यात उडवत होती.

हा वेडेपणा नाही, त्यामागे जुनं शहाणपण आहे. बी मातीखाली असतं तेव्हा अंधारात त्याला एकच काम असतं: लवकर वर ये. म्हणून बीजपत्रांच्या (बियातूनच आलेल्या पहिल्या पानांच्या) खालची दांडी ते सरळ ताणत नेतं, जाडी वाढवण्यात शक्ती घालवत नाही. उजेड लागला की पानांतली आणि दांडीतली रंगद्रव्यं 'पोचलो' असा इशारा देतात आणि ताणणं थांबतं. टेबलावरच्या रोपांना तो इशारा नीट मिळालाच नव्हता. त्यांच्या लेखी ती अजून मातीखालीच होती. माना वळण्याचं म्हणाल तर चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली गवताच्या कोवळ्या कोंबांवर दाखवून दिलं होतं की उजेडाची दिशा कळते ती टोकाला, आणि वाकतो तो त्याच्या खालचा भाग. टोकावर अपारदर्शक टोपी घातली की कोंब वळतच नाही. पुढे 1920च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी टोकाकडून खाली येणारं द्रव्य वेगळं करून दाखवलं, तेच ऑक्झिन. सावलीकडच्या बाजूला ऑक्झिन जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि मान वळते. ताईच्या पहिल्या फोटोत 46 रोपं एकसाथ हेच सांगत होती आणि मी लिहिलं 'मस्त'.

तापमानाची गफलत वेगळी होती आणि ती मला जास्त शिकवून गेली. बी रुजायला लागणारी ऊब आणि रोप वाढायला लागणारी ऊब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टोमॅटोचं बी 25 अंशांना साधारण 6 दिवसांत वर येतं, 20 अंशांना 8 दिवस घेतं, 15 ला 14, आणि 10 अंशांना जवळजवळ सहा आठवडे. मिरची याहून हट्टी. 25 ला 8-9 दिवस, 20 ला 12-13, 15 ला 25. कोबीला मात्र काहीच पडलेली नसते, 15 अंशांनासुद्धा ती नवव्या दिवशी हजर. म्हणजे ज्या मिरचीला मॅटची सगळ्यात जास्त गरज होती ती काचेला टेकून कुडकुडत होती (तिच्या मातीत दुपारी 17 अंश, पहाटे 11), आणि जिला मॅट नको होती ती कोबी ऊबेत उकडत होती. टोमॅटोला मॅट उगवेपर्यंत हवी होती, पण आकड्यासारखा वाकलेला हिरवा कोंब मातीतून डोकावताच ती बंद व्हायला हवी होती.

काय टाकलं, काय ठेवलं

कोबीचं खोकं मातीसकट फेकलं. ताईला जड गेलं, कारण कडेची रोपं उभी होती. पण एकाच मातीत मुळं गुंतलेली, तो गोल रोज बोटभर पसरत होता. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नकोस, एवढं बजावलं.

टोमॅटोची 17 वाचवायला घेतली. टोमॅटोचा एक गुण आहे: त्याच्या खोडाला मातीत पुरलं की पुरलेल्या भागातून मुळं फुटतात. प्रत्येक रोप वेगळ्या पेल्यात, बीजपत्रांपर्यंत खोल लावलं. उचलताना पानाला धरायचं, दांडीला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, दांडी एकदा चेपली की खेळ खलास. या 17 पैकी 12 जगली. मिरचीला ही युक्ती तितकीशी लागू पडत नाही, तेव्हा सगळ्याच किडकिडीत रोपांना गळ्यापर्यंत पुरत सुटू नये.

ताईने मधल्या काळात कुठेतरी वाचून मातीवर दालचिनीची पूड भुरभुरली होती. वरची पांढरी लव त्याने दिसेनाशी झाली खरी. खालचं दुखणं जिथल्या तिथे होतं.

मिरचीचा ट्रे तेवढा मॅटवर हलवला. पुढच्या नऊ दिवसांत आणखी 21 उगवली. पंधरा दिवस 'बी खराब निघालं' म्हणून ज्याला बोल लावला होता तेच हे बी.

दुसरी पेरणी

टोमॅटो आणि कोबी नव्याने पेरली. जुने ट्रे घासून, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास बुडवून, धुऊन वाळवले. बागेतली माती न घेता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर्मीक्युलाइट आणि थोडं परलाइट (भाजून फुलवलेली हलकी खनिजं) घेतलं. बियांवर कोरड्या वर्मीक्युलाइटचा पातळ थर, म्हणजे पृष्ठभाग लवकर सुकतो आणि शेवाळ धरत नाही. कोबी या वेळी फेकली नाही. दाट पेरलेली रोपं एकमेकांच्या पानांवरून आलेला, तांबड्याच्या पलीकडचा (फार-रेड) उजेड ओळखतात आणि शेजाऱ्याच्या वर जायला आणखी ताणतात. कप्प्यात दोन बिया, उगवल्यावर त्यातलं एक रोप कात्रीने मातीलगत छाटायचं. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं हलतात.

उजेडासाठी साध्या पांढऱ्या एलईडीच्या चार फुटी, 20 वॉटच्या तीन ट्यूब शेजारीशेजारी एका पट्टीवर बसवल्या आणि साखळीने टांगल्या, म्हणजे उंची बदलता येते. जांभळ्या दिव्यांचं बरंच कौतुक होतं, पण पांढऱ्या उजेडात रोपाला लागणारे रंग असतातच, शिवाय पान पिवळं पडलंय की नाही हे आपल्याला दिसतं. रोपांच्या शेंड्यापासून ट्यूब 15 सेंटिमीटरवर ठेवली तेव्हा ॲपने 12,000 लक्स दाखवले. टायमरवर 16 तास. हिशेबाने दिवसाला साधारण 10 मोल.

"मग रात्रभर चालूच ठेवू की," ताईचा उत्साह. टोमॅटोला ते चालत नाही. अखंड उजेडात त्याची पानं पिवळट ठिपक्यांनी खराब होतात. त्याला अंधार लागतो. टायमरला हात लावायचा नाही, असं ठरलं.

पाण्याचं वळण मोडायला सगळ्यात वेळ लागला. स्प्रेची बाटली ताईच्या हातातून सुटेना. शेवटी तिला एक खूण दिली: ट्रे दोन्ही हातांनी उचल. भिजवल्या भिजवल्या तो किती जड लागतो ते हाताला कळू दे, आणि चांगला हलका लागेपर्यंत पाणी द्यायचं नाही. शेतकरी वाफसा म्हणतात तो हाच, ओल आहे पण चिखल नाही, मातीत हवेलाही जागा आहे. पाणी द्यायचं ते खालच्या ताटात, 20 मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं. आणि नळाचं थंडगार पाणी तसंच नाही, तर रात्रभर खोलीत ठेवलेलं. ऊबदार मातीत 8 अंशांचं पाणी ओतलं की मॅटने दिवसभर केलेलं काम पाच मिनिटांत वाया जातं. झाकण पहिला हिरवा कोंब दिसताच उतरवलं, मॅटही त्याच दिवशी बंद.

आणखी एक गोष्ट, जी ताईला आधी थट्टा वाटली. रोज सकाळी पानं कोरडी असताना रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवायचा, वीसेक वेळा. बाहेर वारा हे काम करतो. स्पर्शाने, हलण्याने खोड आखूड आणि जाड होतं. मार्क जॅफी यांनी 1973 साली या परिणामाला नाव दिलं, झाडाला रोज बोटांनी चोळून ते दाखवलं होतं. आठवड्याभरात ताईच्या तळहाताला टोमॅटोच्या लवेचा हिरवट-पिवळा रंग चढायला लागला, साबणानेही लवकर न जाणारा, आणि तो उग्र, ताजा वास. ती तो वास घ्यायला मुद्दाम दोनदा हात फिरवायची असा मला संशय आहे.

जांभळी पानं

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली. खोडावरही जांभळी झाक. ताईने लगेच शोधून काढलं: स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता. खताची बाटली हातात घेऊनच तिने मला फोन केला.

लक्षण स्फुरदाचंच होतं. पण मातीत स्फुरद नाही की मुळांना तो उचलता येत नाही? दिव्याची पट्टी आम्ही सवयीने खिडकीलगत टांगली होती. मॅट बंद, काच जवळ. पहाटे मातीत थर्मामीटर लावला तर 11 अंश. इतक्या थंड मातीत मुळं स्फुरद नीट ओढत नाहीत, मग भरपूर खत घाला नाहीतर काहीही. उलट कोवळ्या मुळांभोवती क्षार साचून ती भाजायची.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला (उशिरानेच). दिवा आल्यावर खिडकीशी आपलं काम काय? उजेड तर वरून येतोय. पट्टी खोलीच्या आतल्या भिंतीला नेली. तिथे दिवसा 20-21, रात्री 16. दहा दिवसांनी येणारी नवी पानं स्वच्छ हिरवी होती. खत दिलं ते त्यानंतर, खऱ्या पानांची दुसरी जोडी आल्यावर, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने, आठवड्यातून एकदा.

चिलटांचं सांगायचं राहिलं. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात राहतात, शेवाळ, बुरशी आणि जमलं तर कोवळी मुळंही खातात. दोन पिवळे चिकट कागद लावले आणि वरचा थर कोरडा राहू लागला, महिन्याभरात दिसेनाशी झाली.

काय सिद्ध झालं, काय नाही

दुसऱ्या पेरणीत टोमॅटोची 48 उगवली आणि 46 टिकली. कोबी एकही गेली नाही. आकडे छान आहेत, पण आम्ही एकदम सहा गोष्टी बदलल्या: उजेड, ऊब, पाणी, झाकण, माती, ट्रेची स्वच्छता. कुणाला किती श्रेय द्यायचं हे यावरून सांगता येत नाही. मला विचाराल तर उजेडाला आणि पाण्याला मी वर ठेवीन, पण तो माझा कौल झाला, पुरावा नव्हे.

थोडा पुरावा मिळाला तो मिरचीमुळे. 32 रोपं झाली होती. ताईच्या नाकदुऱ्या काढून त्यातली 16 दिव्याखाली नेली आणि 16 मुद्दाम परत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. पाणी, माती, खत सगळं सारखं. तीन आठवड्यांनी दिव्याखालच्यांना चार-चार खरी पानं होती, खोड काडेपेटीतल्या काडीपेक्षा जाड. कट्ट्यावरच्यांना दोन, तीही फिकट आणि नखाएवढी, दांडी मात्र दिव्याखालच्यांपेक्षा उंच. दोन मेली. कट्ट्यावर रात्रीची थंडी जास्त होती, तेव्हा ही तुलना पूर्ण स्वच्छ नाही. पण थंडीने रोप सहसा आखूड राहतं, लांबत नाही. लांबलं ते उजेडाच्या भुकेनेच, हे म्हणायला मला अडचण वाटत नाही.

याच सुमारास ताईचा आणखी एक फोटो आला होता, नव्या टोमॅटोचा. खाली: "ही वाढतच नाहीयेत रे. बुटकीच राहिलीत." मी म्हटलं, शेजारी पेन्सिल ठेवून पुन्हा काढ. पुढच्या फोटोत खोड जाडीला पेन्सिलीच्या जवळपास आलं होतं. त्यावर तिने काही लिहिलं नाही. पण संध्याकाळी तोच फोटो तिने तीन जणांना पाठवला होता असं नंतर कळलं.

बाहेर

रोपं काटक करताना पुन्हा एकदा हात पोळले. घरात वाढलेलं पान पातळ असतं, त्याने कडक ऊन आणि वारा पाहिलेला नसतो. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त, हळूहळू ऊन, आठ-दहा दिवसांत पूर्ण वेळ बाहेर, असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी ताईला कुणाचातरी फोन आला आणि ट्रे दुपारच्या उन्हात दोन तास राहिला. पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडले. ते भरून येत नाहीत, पण शेंडा वाचला होता, म्हणून चार दिवस सावलीत ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बारा दिवस लागले.

जमिनीत लावताना वाचवलेल्या जुन्या 12 मधली दोन रोपं मी पेल्यातून उपडी करून पाहिली. पुरलेल्या दांडीभर पांढऱ्या मुळांची दाट दाढी होती. तरी ती दुसऱ्या पेरणीतल्या रोपांच्या मागेच राहिली, आणि फुलंही नंतर आली.

आणि मग वही चाळताना आम्हाला ते दिसलं, जे पहिल्या पानावरच लिहिलेलं होतं. पहिली पेरणी बाहेर लावायच्या तारखेच्या 13 आठवडे आधी झाली होती. टोमॅटोला घरात 6 ते 8 आठवडे पुरतात, मिरचीला 8 ते 10, कोबीला 4 ते 6. ताईने सगळं एकाच दिवशी, दिवस सगळ्यात छोटा असतानाच, टाकलं होतं, कारण बियांची पाकिटं आली होती आणि धीर धरवत नव्हता. दुसरी पेरणी त्यानंतर चार आठवड्यांनी झाली, तरीही तिला उशीर झाला नव्हता. शेवटी बागेत तीच उभी राहिली.

यंदा पाकिटं पुन्हा आली आहेत. कॅलेंडरवर तीन वेगवेगळ्या तारखांना तिने पेन्सिलीने गोल केलेत, पहिला मिरचीचा. ट्यूबवरची धूळ पुसून झाली, टायमर लावून पाहिला, ट्रे धुऊन वाळत घातले. परवा फोन केला तर म्हणाली, "अजून अकरा दिवस आहेत," आणि ठेवून दिला.